माननीय माजी आणि नियम सत्तावीस

माजी खासदाराची पेन्शन बंद पाडण्याचा एक कायदेशीर आणि हमखास मार्ग आहे. त्याला राष्ट्रपती करावे. तेवढे जमत नसेल तर उपराष्ट्रपती करावे, आणि तेही हातात नसेल तर एखाद्या राज्याचा राज्यपाल. खासदारांचे वेतन, भत्ते आणि पेन्शन ठरवणारा 1954 चा कायदा आहे, त्याच्या 8-ए कलमात ही सगळी पदे ओळीने दिली आहेत. त्यांतले एखादे मिळाले की तेवढ्या काळापुरती पेन्शन थांबते. पुन्हा खासदार झाला तरी थांबते. पगारी सरकारी नोकरी धरली तरी थांबते. लाच खाऊन तुरुंगात गेला तर काय, याबद्दल कलम मौन पाळते.

कायद्याचा कीस पाडणाऱ्यांना याच कलमात आणखी एक गंमत सापडेल. सरकारकडून कोणत्याही रूपाने मोबदला मिळू लागला तर पेन्शनवर परिणाम होतो, असे ते म्हणते. आता शिक्षा झालेल्या कैद्याला कारागृहात कामाची मजुरी मिळते. मग माजी खासदार येरवड्यात सतरंज्या विणायला बसले, तर त्यांची पेन्शन थांबायला नको का? हा युक्तिवाद पारावरचा आहे, पण पारावरही तो टिकत नाही. कारण कलमाला जोडलेले परंतुक सांगते की मोबदला पेन्शनपेक्षा कमी पडत असेल तर उरलेला फरक पेन्शन म्हणून द्यावा. कैद्याच्या मजुरीचे दर पाहता जवळजवळ सगळीच पेन्शन ‘फरक’ म्हणून घरी येईल. कायदा लिहिणाऱ्यांनी सगळ्या शक्यतांचा विचार केला होता असे म्हणता येणार नाही. पण जेवढा केला तेवढा चांगल्या मनाने केला होता.

खासदारांची पेन्शन सुरू झाली 1976 मध्ये, दरमहा 300 रुपयांपासून. साल लक्षात घेण्यासारखे आहे. आणीबाणी चालू होती, विरोधी पक्षांचे बरेचसे नेते आत होते आणि लोकसभेने स्वतःची मुदत वाढवून घेतली होती. म्हणजे ज्या वर्षी निवृत्तीची सोय झाली, त्याच वर्षी निवृत्ती पुढे ढकलण्याचीही झाली. महाराष्ट्राच्या आमदारांचा पेन्शन कायदाही त्याच सालचा. सुरुवातीला खासदारकीची निदान पाच वर्षे भरावी लागत. पुढे ती अट गळाली आणि ‘कितीही काळ’ सदस्य राहिलेला माणूस पात्र ठरू लागला. आज खासदाराची पेन्शन 31,000 रुपये आहे आणि पाचांपुढच्या प्रत्येक वर्षाला वर 2,500. ही वाढ मार्च 2025 मध्ये जाहीर झाली, पण लागू झाली 1 एप्रिल 2023 पासून. दोन वर्षे मागे जाऊन पगारवाढ घेण्याचे हे कसब बाकीच्या नोकरदारांना वेतन आयोगाची वाट पाहून पाहून शिकावे लागते.

महाराष्ट्राने मात्र दिल्लीला केव्हाच मागे टाकले होते. ऑगस्ट 2016 मध्ये विधिमंडळाने माजी आमदारांची पेन्शन 40,000 वरून 50,000 केली. पहिल्या पाच वर्षांनंतरच्या प्रत्येक वर्षाला 2,000 रुपये जास्तीचे. चार वेळा निवडून आलेल्या आणि पाचव्यांदा पडलेल्या आमदाराला दरमहा 80,000 रुपये. कांद्याच्या भावावर, धरणाच्या पाण्यावर आणि एकमेकांच्या वडिलांवर तासन्‌तास बोलणाऱ्या सभागृहाने हे विधेयक चर्चेविना मंजूर केले. इतके एकमत महाराष्ट्र गीतालाही मिळत नाही. आधी आमदार आणि मग खासदार झालेल्याचा तर दुहेरी लाभ: खासदाराची पेन्शन ‘इतर पेन्शनखेरीज’ मिळेल, असे केंद्राच्या कायद्यातच लिहिले आहे.

आता जिना उतरून तळमजल्यावर यावे. तिथे तलाठी बसतो. 2024 पासून त्याचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण लोक त्याला तलाठीच म्हणतात आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागही त्याला जुन्याच पद्धतीने पकडतो. वारसनोंदीच्या फेरफारासाठी तो हजार-दोन हजार मागतो. शेतकरी 1064 वर फोन लावतो. नोटांना पावडर फासली जाते, दोन सरकारी पंच चहाच्या टपरीवर उगाच घुटमळत राहतात. तलाठी नोटा घेतो, मोजतो (मोजायला नको होत्या, हे त्याला नंतर कळते) आणि खिशात घालतो. पुढच्या मिनिटाला त्याचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले जातात आणि पाणी गुलाबी होते. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात, त्यांत ‘रंगेहाथ’ हा शब्द असतो. मग निलंबन, निर्वाह भत्ता, विभागीय चौकशी, खटला.

हा माणूस चौकशी चालू असतानाच निवृत्त झाला तरी सुटत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 यांतला नियम 26 सांगतो की निवृत्तीनंतरचीही चांगली वर्तणूक ही पेन्शनची गर्भित अट आहे. म्हणजे साठीनंतरही सरकार त्याच्याकडे मुख्याध्यापकाच्या नजरेने पाहत असते. लगेच नियम 27 येतो. गंभीर गैरवर्तन किंवा हलगर्जीपणा सिद्ध झाला तर सरकार त्याची पेन्शन पूर्ण किंवा अंशतः, कायमची किंवा ठरावीक काळापुरती रोखू शकते, काढून घेऊ शकते. आणि निकाल लागेपर्यंत? नियम 130. तात्पुरती पेन्शन चालू, उपदान रोखलेले. कारकून, तलाठी, पोलीस हवालदार, जिल्हा परिषदेचा शाखा अभियंता या सगळ्यांना हे तीन आकडे कुलदैवताच्या मंत्रासारखे पाठ असतात. सेवापुस्तकाचे शेवटचे पान नीट उलटेपर्यंत त्यांना झोप लागत नाही.

ज्यांनी 1 नोव्हेंबर 2005 नंतर राज्य सरकारची नोकरी धरली, त्यांची ही काळजी सरकारनेच मिटवली. त्यांना जुनी पेन्शनच नाही, तर ती रोखणार कशी? मार्च 2023 मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभरातले कर्मचारी संपावर गेले, तेव्हा तिजोरीला हा भार पेलणार नाही असे त्यांना समजावून सांगण्यात आले. समजावणाऱ्यांची स्वतःची पेन्शन त्याच तिजोरीतून निघणार होती, हा निव्वळ योगायोग. कारखान्यात तीस वर्षे घासलेल्या कामगाराला ‘ईपीएस-95’ मध्ये हमी आहे ती दरमहा 1,000 रुपयांची, आणि ती 2014 पासून तिथेच आहे. संजय गांधी निराधार योजनेच्या विधवेला 1,500 मिळतात, पण त्यासाठी ती खरोखर निराधार आहे हे तहसीलदाराला पटावे लागते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, वयाचा दाखला. माजी खासदाराकडून मात्र आधी खासदार होता, एवढाच पुरावा लागतो. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात त्याने कितीही कोटींची मालमत्ता दाखवलेली असो, पेन्शनच्या टेबलावर ते प्रतिज्ञापत्र कुणी मागत नाही.

लखनौच्या लोकप्रहरी या संस्थेने हे सगळे सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले होते. न्यायालयाने एप्रिल 2018 मध्ये याचिका फेटाळली. खासदारांना पेन्शन द्यायची की नाही हे संसदेने ठरवायचे. आणि संसद म्हणजे कोण, हे पहिल्या परिच्छेदातल्या कलमापासून सगळ्यांना ठाऊक आहे.

लाच घेतलेल्या खासदारांना घरी पाठवण्याची वेळ संसदेवर एकदा खरेच आली. डिसेंबर 2005. कोब्रापोस्टच्या पत्रकारांनी छोट्या उद्योजकांची एक खोटी संघटना काढली आणि खासदारांना प्रश्न विचारण्यासाठी पैसे देऊन ते छुप्या कॅमेऱ्यात टिपले. 12 डिसेंबरला ‘आज तक’वर ते साऱ्या देशाने पाहिले. रकमा 15,000 पासून 1,10,000 पर्यंत. पण मजा रकमांपेक्षा प्रश्नांत होती. त्यांतला एक असा: रेल्वे मंत्रालयाने जर्मनीच्या ‘योसारियन इलेक्ट्रो डिझेल’ इंजिनाची मागणी नोंदवली आहे काय, आणि टॉम वुल्फ समितीच्या अहवालामुळे ते इंजिन तिकडेच अडकले, हे सरकारला ठाऊक आहे काय? योसारियन हा जोसेफ हेलरच्या ‘कॅच-22’ या कादंबरीचा नायक आणि टॉम वुल्फ हा अमेरिकेतला लेखक. सही करणाऱ्या लोकप्रतिनिधीला ना कादंबरी ठाऊक होती ना इंजिन. त्याला फक्त पाकीट ओळखू आले. गावाकडचा तलाठी निदान वारसनोंद कशाची करायची ते वाचून पैसे मागतो.

अकरा जणांना 23 डिसेंबर 2005 रोजी हाकलण्यात आले: लोकसभेचे दहा, राज्यसभेचा एक. त्यांत जळगाव आणि एरंडोल या खानदेशातल्या दोन मतदारसंघांचे खासदारही होते, त्यामुळे केळीच्या बागांत तेव्हा बराच काळ दुसरा विषय नव्हता. हाकललेल्यांनी दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2007 मध्ये संसदेचा अधिकार मान्य केला. सदस्यत्व गेले, गाडीवरची पाटी गेली, दिल्लीतला बंगला गेला. पण पेन्शनच्या कलमातला ‘कितीही काळ’ जिथल्या तिथे राहिला. माणूस सदस्य कसा झाला ते तो विचारत नाही, आणि कसा गेला तेही नाही.

याहून सुंदर प्रकरण 1993 चे. नरसिंह राव सरकारवर जुलैत अविश्वास ठराव आला आणि झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी पैसे घेऊन सरकार वाचवले, असा खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने 1998 मध्ये जे सांगितले ते कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही दोनदा वाचावे लागते. ज्यांनी पैसे घेतले आणि ठरल्याप्रमाणे मत दिले, त्यांना सभागृहातल्या मतदानाच्या विशेषाधिकाराचे कवच मिळाले. अजित सिंह या आणखी एका खासदारांवर आरोप तोच, पण त्यांनी मतच दिले नव्हते. म्हणून त्यांना कवच नाही. पैसे घेऊन काम केले तर माफ, पैसे घेऊन काम नाही केले तर खटला. आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांच्या बाहेर लोक वर्षानुवर्षे ‘घेतो, पण काम तरी करतो’ असे जे कौतुकाने म्हणतात, त्यावर घटनापीठाची मोहोर उमटली होती. ती पुसायला सव्वीस वर्षे लागली: सात न्यायमूर्तींनी मार्च 2024 मध्ये सीता सोरेन प्रकरणात हा निकाल रद्द केला.

याच 1998 च्या निकालात आणखी एक गोष्ट ठरली होती, तिची आठवण क्वचितच काढली जाते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यापुरता खासदार हा लोकसेवकच. म्हणजे तलाठी आणि खासदार एकाच कायद्याखाली पकडले जाऊ शकतात, एकाच विशेष न्यायाधीशासमोर उभे राहू शकतात, एकाच कारागृहात एकाच पातळ डाळीत पाव बुडवू शकतात. दोघांचे रस्ते वेगळे होतात ते कोषागाराच्या दारात.

पेन्शन काढून घ्यायचे धाडस राजकारण्यांना नाही, असे मात्र म्हणू नये. हिमाचल प्रदेशाने ते दाखवले. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्यसभेच्या निवडणुकीत काँग्रेसच्या सहा आमदारांनी पलीकडे मत टाकले आणि पुढे पक्षादेश मोडल्याबद्दल ते अपात्र ठरले. सप्टेंबरमध्ये विधानसभेने विधेयक मंजूर केले: दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतराबद्दल, जो अपात्र ठरेल त्याला पेन्शन नाही. आता हे विधेयक नीट पाहावे. पक्ष सोडला तर पेन्शन गेली. लाच घेतली, रस्त्याचे डांबर खाल्ले, औषधखरेदीत हात मारला, तर विधेयकाचा त्याच्याशी काही संबंध नाही. राज्याच्या तिजोरीशी केलेली बेइमानी चालून जाते. पक्षाच्या तिजोरीशी केलेली नाही.

असा कायदा महाराष्ट्रात आला तर काय हाहाकार उडेल, या विचाराने कुणी दचकू नये. इथे शिवसेना 2022 मध्ये आणि राष्ट्रवादी काँग्रेस 2023 मध्ये फुटली, एकमेकांना अपात्र ठरवा म्हणून अर्जांचे गठ्ठे पडले. विधानसभा अध्यक्षांनी शिवसेनेचा निकाल 10 जानेवारी 2024 ला दिला आणि राष्ट्रवादीचा 15 फेब्रुवारीला. दोन्ही पक्षांच्या दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. इतकी फाटाफूट होऊनही कुणीच फुटले नाही, हे महाराष्ट्राच्या संसदीय परंपरेचे वैभव. हिमाचलची तरतूद इथे आणली तर ती तशीच करकरीत राहील.

पंजाबने 2022 मध्ये निराळी वाट धरली. तिथे आमदाराला प्रत्येक कारकिर्दीची पेन्शन वेगळी मिळे आणि त्यांची बेरीज होई, त्यामुळे पाच-सहा वेळा निवडून आलेल्याची पेन्शन काही लाखांत जात असे. भगवंत मान सरकारने ‘एक आमदार, एक पेन्शन’ केले. प्रकाशसिंह बादल यांनी तर त्याआधीच आपली पेन्शन नको म्हणून कळवले होते. पण हा प्रश्न रकमेचा झाला, चारित्र्याचा नव्हे.

चारित्र्याचा प्रश्न शेजारच्या हरयाणात उभा राहिला. ओमप्रकाश चौटाला मुख्यमंत्री असताना 3,206 प्राथमिक शिक्षकांच्या भरतीत गुणांच्या याद्या बदलल्या गेल्या आणि त्या प्रकरणात त्यांना जानेवारी 2013 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. शिक्षक नेमण्यात घोळ घातलेल्या या माणसाने मग स्वतः शिकायचे मनावर घेतले. तिहारमधून मुक्त विद्यालयाच्या परीक्षा दिल्या. राहिलेला दहावीचा इंग्रजीचा पेपर वयाच्या 86 व्या वर्षी, 2021 मध्ये दिला आणि चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले. त्यांनी नेमलेल्यांपैकी कुणी तो पेपर तपासला नसावा, अशी आशा. दरम्यान, शिक्षा झालेल्या माजी आमदारांना पेन्शन कशी काय चालू, असा प्रश्न घेऊन एक वकील उच्च न्यायालयात गेले होते. सुधारगृहातून माणूस सुधारून येतो यावर चौटालांनी दहावी करून शिक्कामोर्तब केले; सरकारने त्यांना निवृत्त विद्यार्थी मानायचे की निवृत्त मुख्यमंत्री, एवढाच घोळ.

आणि बिहारचा हिशेब तर कुठल्याच वहीत बसत नाही. जयप्रकाशांच्या आंदोलनात आणि आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना बिहार सरकार ‘जेपी सेनानी’ म्हणून पेन्शन देते. लालूप्रसाद यादव त्या काळात ‘मिसा’खाली आत होते, थोरल्या मुलीचे नाव त्यांनी मीसाच ठेवले. पुढे 2013 मध्ये चारा घोटाळ्यात त्यांना शिक्षा झाली. जानेवारी 2017 मध्ये त्यांची जेपी सेनानी पेन्शन मंजूर झाली, दरमहा 10,000 रुपये. एका तुरुंगवासामुळे पेन्शन सुरू झाली आणि दुसऱ्या तुरुंगवासाने ती अडली नाही. जनावरांचा चारा आणि लोकशाहीचा लढा ही दोन स्वतंत्र खाती आहेत, असे कोषागाराचे म्हणणे असावे, आणि हिशेबशास्त्राप्रमाणे ते बरोबरही आहे.

ही खोड आपलीच आहे असे वाटून कुणी खजील होत असेल तर अमेरिकेकडे पाहावे. तिथे परराष्ट्र खात्यातल्या अल्जर हिस या अधिकाऱ्याला हेरगिरीच्या संशयाच्या वातावरणात शपथेवर खोटे बोलल्याबद्दल शिक्षा झाली. त्याच्यावरच्या रागापोटी 1954 मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, एक कायदा केला आणि त्याची पेन्शन बंद पाडली. कायदा गुन्ह्यानंतरचा, म्हणून हिस कोर्टात गेला आणि 1972 मध्ये जिंकला. मिळाले किती? महिन्याला सुमारे 61 डॉलर. तत्त्वाची लढाई स्वस्तात लढता येते, ती अशी.

पण लाचखोर लोकप्रतिनिधींची पेन्शन तोडायला अमेरिकेला 2007 उजाडावे लागले, आणि त्यासाठी रँडी कनिंगहॅम यांच्यासारखी माणसे जन्माला यावी लागली. हे नौदलाचे लढाऊ वैमानिक, व्हिएतनाम युद्धातले वीर, नंतर काँग्रेसचे सदस्य. त्यांनी संरक्षण खात्याच्या ठेकेदारासाठी काँग्रेसच्याच मुद्रेच्या कागदावर लाचेचा दर लिहून दिला होता, उडप्याच्या हॉटेलातल्या दरपत्रकासारखा: 1 कोटी 60 लाख डॉलरचे कंत्राट हवे तर 1 लाख 40 हजार डॉलरची बोट, पुढच्या दर दहा लाखांना 50 हजार, मोठे गिऱ्हाईक असेल तर पुढे दर निम्मा. घाऊक सवलत! त्यांनी 2005 मध्ये गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेले. नवा कायदा आला तो दोन वर्षांनी आणि मागच्या गुन्ह्यांना लागू नव्हता, त्यामुळे कनिंगहॅम यांच्या पेन्शनला धक्का लागला नाही. ज्यांच्यामुळे कायदा झाला, तेच त्यातून सुटले.

इटलीने 2015 मध्ये गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माजी खासदारांचे मासिक मानधन तोडले. लोंबार्दी प्रांताचे माजी अध्यक्ष रोबेर्तो फोर्मिगोनी लाचखोरीत दोषी ठरले, त्यांचेही तुटले. मग 2021 मध्ये ते परत मिळाले. ते परत देणारी समिती सिनेटचीच. रोमपासून विधान भवनापर्यंत काही गोष्टींचे भाषांतर करावे लागत नाही.

या सगळ्यावर नेहमी दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही ऐकण्यासारखे आहेत. पहिला आक्षेप घेणारा गृहस्थ हसत हसत विचारतो: ज्याने खाल्ले त्याला पेन्शनचे काय? ऑगस्ट 2022 मध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी ‘पन्नास खोके’ अशा घोषणा दिल्या, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या पोरासोरांनाही खोका म्हणजे एक कोटी हे ठाऊक आहे. पैसे घेतल्याचा तो आरोप खरा की खोटा ते बाजूला ठेवून नुसते गणित करावे. दरमहा 50,000 प्रमाणे एक खोका म्हणजे 200 महिन्यांची, म्हणजे 16 वर्षे 8 महिन्यांची पेन्शन आगाऊ. मग तोडून काय साधणार? उत्तर असे की हा न्याय तलाठ्यालाही लागू करावा. दोन हजारांची लाच घेणाऱ्याला पेन्शनची गरज जास्त आणि कोटींची घेणाऱ्याला कमी. तरी तोडायची ती पहिल्याची. हे उलटे गणित ज्याला पटते त्याने पुढे बोलू नये.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. अंतिम निकालापर्यंत माणूस निर्दोष, आणि आपल्याकडे अंतिम निकाल येईपर्यंत माणूसच अंतिम होतो. सुखराम यांचे पाहा. दूरसंचार मंत्री होते. ऑगस्ट 1996 मध्ये सीबीआयने घरावर छापा घातला तेव्हा पिशव्यांत, सुटकेसांत आणि देवघरातही नोटा, मिळून साडेतीन कोटींवर. (देवघरात ठेवण्यामागे श्रद्धा होती की सोय, हे आरोपपत्रात नाही.) बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात शिक्षा झाली 2009 मध्ये, दुसऱ्या एका लाचेच्या खटल्यात 2011 मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यावर. वरच्या कोर्टांचे दरवाजे तेव्हाही उघडेच होते. सगळी अपिले संपेपर्यंत पेन्शनला हात लावायचा नाही म्हटले तर हात लागेल तो थेट बायकोच्या कुटुंब निवृत्तिवेतनाला, आणि तिने तर एकाही निविदेवर सही केलेली नसते.

पण या अडचणीवरचा तोडगा महाराष्ट्र सरकारने 1982 सालीच छापून ठेवला आहे, आणि त्याची प्रत प्रत्येक तहसीलच्या आस्थापना शाखेत धूळ खात पडली आहे. खटला चालू असेल तर तात्पुरती रक्कम द्या, बाकी रोखून ठेवा. शिक्षा झाली तर प्रमाणात तोडा. सगळी नको असेल तर अंशतः, कायमची नको असेल तर मुदतीपुरती. वर निर्दोष ठरला तर थकबाकी सव्याज परत करा. कुटुंबाचा हिस्सा वेगळा ठेवा. हे कारकुनाला झेपते तर माननीयांना झेपायला हरकत नाही. पेन्शन ही मालमत्ता आहे आणि कायद्याच्या आधाराशिवाय ती हिरावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये झारखंडच्या एका खटल्यात सांगितले आहे. म्हणजे हवी आहे ती फक्त एक तरतूद, खासदारांच्या कायद्यात राष्ट्रपती आणि राज्यपालांच्या खाली एक जास्तीची ओळ, आणि तशीच आमदारांच्या कायद्यात.

ती ओळ मांडायची कुणी, एवढेच अडले आहे. सत्ताधाऱ्यांनी मांडली तर विरोधक म्हणतील की निशाणा आमच्यावर. विरोधकांनी मांडली तर सत्ताधारी म्हणतील की आधी तुमच्या काळातले काढा. अशासकीय विधेयक म्हणून मांडली तर ते शुक्रवारी दुपारी चर्चेला येईल, म्हणजे सगळे सदस्य मतदारसंघात निघून गेल्यावर. 2016 मध्ये वाढीला चर्चा लागली नव्हती. कपातीवर मात्र सखोल, सर्वांगीण, प्रदीर्घ चर्चा होईल, संयुक्त समिती नेमली जाईल, आणि ती समिती अभ्यासासाठी इटलीला जाऊन येईल.

समजा तरीही कधी तरी ती ओळ मंजूर झाली आणि पेन्शन थांबलेला पहिला माननीय माजी जमिनीवर आला. माजी आमदाराला एसटीचा प्रवास मोफत असतो. ती सवलत काढायचे बहुधा कुणाच्या लक्षात येणार नाही. स्वारगेटला तो गाडीत चढेल. वर लोकप्रतिनिधींसाठी राखीव असे लिहिलेले ते आसन असेल, ज्यावर आजवर एकही लोकप्रतिनिधी बसलेला कुणी पाहिलेला नाही. तिथे पंच्याहत्तरी ओलांडलेली एक म्हातारी बसलेली असेल, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन, तिकीट तिलाही माफ. साहेब पाटीकडे बोट दाखवतील. ती पाटी वाचेल, साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळेल आणि कंडक्टरला सांगेल, की बाबा, ह्यांना मागं जागा करून दे.